मॅक्सचे राज्य : खोडी, कल्पना आणि शिक्षा

बालवाङ्मयात खोडकर मुलाला फार जुने स्थान आहे, पण खोडी केल्यानंतर त्याचे काय व्हावे याविषयी लेखकांमध्ये दीर्घकाळ जवळजवळ एकमत होते : त्याला अद्दल घडावी किंवा पश्चात्ताप व्हावा, आणि शक्यतो दोन्ही व्हावे. मोरिस सेंडाक या अमेरिकन चित्रकाराने लिहिलेल्या व रेखाटलेल्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या चित्रपुस्तकाने हे एकमत मोडले. न्यूयॉर्कच्या हार्पर अँड रो या संस्थेने १९६३ साली ते प्रसिद्ध केले. अवघ्या ३३८ शब्दांच्या या पुस्तकाचा नायक मॅक्स आईला उलट बोलतो, त्याची शिक्षा म्हणून त्याला उपाशी झोपायला पाठवले जाते, आणि शेवटपर्यंत तो एकदाही क्षमा मागत नाही. तरीही त्याचे जेवण त्याच्या खोलीत येऊन त्याची वाट पाहत असते. या घटनाक्रमाचा नैतिक अर्थ काय लावायचा, या प्रश्नाचे सर्वांत प्रचलित उत्तर असे की, मुलाच्या रागाला कल्पनेने वाट करून दिली, राग निघून गेला आणि मूल शांत झाले. हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे. पुस्तक बारकाईने पाहिले तर मॅक्सची खोडी आणि मॅक्सची कल्पना या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत, त्या एकाच शक्तीची दोन रूपे ठरतात. आणि त्या शक्तीवर हुकमत मिळवायला मॅक्स जे शिकतो ते कोणाच्या उपदेशातून शिकत नाही, कल्पनेच्या आतच काही काळ सत्ता हाती घेऊन आणि ती आपणहून सोडून देऊन शिकतो.

कथानक थोडक्यात असे आहे. लांडग्याचा पोशाख चढवलेला मॅक्स एका रात्री घरात एकामागून एक खोड्या करतो. आई त्याला रानटी म्हणते, तेव्हा तो तिलाच खाऊन टाकण्याची धमकी देतो आणि परिणामी न जेवता खोलीत पाठवला जातो. त्या खोलीत झाडे उगवू लागतात, भिंती नाहीशा होतात, समुद्र येतो, आणि मॅक्स आपल्या खासगी नावेतून जवळजवळ वर्षभर प्रवास करून अक्राळविक्राळ जीवांच्या बेटावर पोचतो. डोळ्याला डोळा भिडवून, पापणीही न लवू देता तो त्या जीवांना वश करतो, त्यांचा राजा होतो, त्यांच्याबरोबर मनसोक्त धिंगाणा घालतो, आणि मग तो धिंगाणा स्वतःच थांबवून त्या सगळ्यांना न जेवता झोपायला पाठवतो. त्यानंतर राजाला एकटे वाटू लागते. दुरून अन्नाचा वास येतो, जीवांच्या विनवण्या व धमक्या बाजूला सारून तो परत निघतो आणि आपल्या खोलीत येतो.

या पुस्तकाविषयी बोलताना ‘चित्रपुस्तक’ ही संज्ञा काटेकोर अर्थाने घ्यावी लागते. सचित्र पुस्तकात मजकूर स्वयंपूर्ण असतो आणि चित्रे त्याला शोभा देतात किंवा त्यातील प्रसंग स्पष्ट करतात. चित्रपुस्तकात मात्र अर्थाचा काही भाग केवळ शब्दांत असतो, काही केवळ चित्रांत असतो आणि काही या दोहोंच्या तफावतीत असतो, त्यामुळे एकाला दुसऱ्यापासून वेगळे काढले की पुस्तक शिल्लकच राहत नाही. सेंडाक हा फरक जाणून होता. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज चित्रकार रँडॉल्फ कॅल्डेकॉट याला तो आपला पूर्वसूरी मानत असे, आणि १९६४ साली त्याच कॅल्डेकॉटच्या नावाने दिले जाणारे अमेरिकन ग्रंथपालांचे पदक या पुस्तकाला मिळाले. मॅक्सच्या गोष्टीचे बोधवाक्य शोधणाऱ्या वाचकाला ते सापडत नाही याचे कारण हेच आहे : बोध वाक्यात ठेवलेलाच नाही, तो पानांच्या रचनेत ठेवला आहे.

या रचनेकडे वळण्यापूर्वी, सेंडाकच्या पुढ्यात कोणती परंपरा होती हे पाहणे आवश्यक आहे. फ्रँकफुर्टमधील वैद्य हाइनरिश हॉफमन याने १८४४ च्या नाताळासाठी आपल्या लहान मुलाकरता तयार केलेले आणि पुढच्या वर्षी छापले गेलेले ‘श्ट्रुव्हेलपेटर’ हे पुस्तक या परंपरेचे सर्वांत ठळक उदाहरण होय. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी कात्रीने कापून टाकतो, काड्यापेटीशी खेळणारी मुलगी जळून जाते आणि सूप प्यायला नकार देणारा मुलगा पाचव्या दिवशी मरतो. विल्हेल्म बुश याच्या १८६५ मधील ‘मॅक्स उंड मोरित्स’मध्ये दोन उपद्व्यापी पोरे अखेर गिरणीत दळली जातात आणि बदके त्यांना टिपून खातात. या पुस्तकांत अतिशयोक्तीचा खेळकर सूर आहे, मुले ती आवडीनेही वाचत आली आहेत, परंतु खोडी आणि परिणाम यांचा हिशेब त्यांत पैन्‌पै चुकता केलेला असतो. बीट्रिक्स पॉटरच्या १९०२ मधील ‘पीटर रॅबिट’मध्ये हाच हिशेब सौम्य होतो : सांगितलेले न ऐकता दुसऱ्याच्या मळ्यात घुसलेल्या पीटरला त्या रात्री औषधी काढ्यावर भागवावे लागते आणि शहाण्या बहिणींना दूध, पाव व रानफळे मिळतात. पॉटरची सहानुभूती पीटरकडे आहे हे उघड दिसते, पण जेवणाच्या ताटात न्यायाची वाटणी तिलाही करावीशी वाटलीच. स्वतः सेंडाकने १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नटशेल लायब्ररी’ या चार छोट्या पुस्तकांच्या संचात ‘पिअर’ नावाची अशीच एक उपदेशकथा लिहिली होती. कशाचीच पर्वा नसलेल्या त्या मुलाला सिंह गिळतो, मुलगा सिंहाच्या पोटातून जिवंत बाहेर येतो आणि शेवटी पर्वा करायला शिकतो. म्हणजे जुना साचा सेंडाकच्या हातात तयार होता, तो त्याला उत्तम वापरता येत होता, आणि पुढच्याच वर्षी त्याने तो बाजूला ठेवला. पॉटरने पीटरला जे नाकारले ते सेंडाकने मॅक्सच्या टेबलावर आणून ठेवले.

आता पहिल्या चित्राकडे यावे. मॅक्स हातोड्याने भिंतीत खिळा ठोकत आहे, आणि मोठ्या माणसाच्या नजरेला त्यात फक्त भिंतीची नासधूस दिसते. पण तो खिळा कशासाठी आहे हे चित्रात दाखवलेले आहे : कापडांच्या गाठी मारून केलेली एक दोरी आहे, तिच्यावर पांघरूण टाकून तंबू उभा राहतो आहे, आणि शेजारी एक कापडी खेळणे टांगलेले आहे. मजकूर त्याला खोडी म्हणतो. चित्र त्याला बांधकाम म्हणते. पुढच्या चित्रात मॅक्स हातात काटा घेऊन कुत्र्यामागे धावतो आहे, ही मात्र निखळ क्रूर खोडी आहे आणि सेंडाक तिला गोंडस करत नाही. परंतु त्याच चित्रात भिंतीवर एक चित्र लावलेले आहे, त्यावर मॅक्सची सही आहे आणि त्यात पुढे बेटावर भेटणार असलेल्या जीवांपैकीच एकाचा चेहरा आहे. याचा अर्थ असा की, ते जीव शिक्षेनंतर, रागाच्या भरात, अचानक जन्माला आलेले नाहीत. मॅक्स ते आधीपासून कागदावर काढत होता. शिक्षा झाली म्हणून कल्पना सुरू झाली असे या पुस्तकात घडत नाही. खिळा ठोकणारा हात आणि राक्षस रेखाटणारा हात एकच आहे, आणि ज्या घराला तो खिळा नको आहे त्याच घराने ते रेखाटन जिन्याजवळच्या भिंतीवर लावू दिले आहे. पालकत्वातली सगळी अडचण या दोन चित्रांच्या मध्ये आहे, आणि पुस्तक सुरू होऊन जेमतेम दोन पाने उलटली आहेत.

पुस्तकाच्या आकाररचनेतून हाच विचार पुढे जातो. पहिले चित्र पानाच्या मधोमध, भोवती रुंद कोरी जागा सोडून, लहानसे छापलेले आहे. प्रत्येक उलटलेल्या पानासरशी ते वाढत जाते. खोलीत झाडे दाट होतात तसतशी कोरी जागा मागे हटते, अरण्य पुरे होते तेव्हा उजवे पान कडेपर्यंत भरून जाते, समुद्र येतो तेव्हा चित्र डाव्या पानावर सांडते, आणि जीवांच्या भेटीच्या वेळी शब्दांसाठी पानाच्या तळाशी केवळ एक पट्टी उरते. मॅक्सने धिंगाण्याची आज्ञा दिल्यावर तीही पट्टी जाते. सलग तीन जोडपानांवर एकही शब्द नाही : चंद्राकडे पाहून ओरडणारे, झाडांना लोंबकळणारे, मिरवणूक काढणारे ते प्रचंड देह आणि त्यांच्या मधोमध मुकुट घातलेला लहानसा मुलगा. भाषा ही घराची, नियमांची, आईच्या आवाजाची आहे. पुस्तकात आई दिसत नाही, ती केवळ शब्दांतून आहे. त्यामुळे शब्दांची माघार ही एका सत्तेची माघार ठरते, आणि मूल वाचन न येताही ही माघार नुसती पाहून समजू शकते. मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रौढालाही या तीन जोडपानांवर गप्प बसावे लागते. तेवढ्या वेळापुरते पुस्तक पूर्णपणे मुलाच्या ताब्यात जाते.

नंतर शब्द परत येतात, आणि समीक्षेत पुष्कळदा असे गृहीत धरले जाते की चित्रेही पूर्ववत लहान होतात. तसे होत नाही. परतीच्या प्रवासात चित्र आक्रसते खरे, पण घरी पोचलेल्या मॅक्सची खोली संपूर्ण उजवे पान व्यापते. पुस्तकाच्या सुरुवातीला हीच खोली कोऱ्या चौकटीत कोंडलेली होती. खिडकीतला चंद्रही बदललेला आहे : जाताना कोर होती, आता पौर्णिमा आहे. मॅक्सने लांडग्याच्या पोशाखाची टोपी मागे सारली आहे आणि त्याचे केस प्रथमच दिसत आहेत, परंतु पोशाख त्याने उतरवलेला नाही. जेवण अजून गरम आहे, म्हणजे घड्याळाने फार वेळ गेला नाही. चंद्र पुरा झाला आहे, म्हणजे बराच काळ गेला आहे. आणि पुस्तक या दोन कालगणनांपैकी एकीलाही खोटी ठरवत नाही. ‘हे सगळे त्याचे स्वप्न होते’ असे एक वाक्य लिहिले असते तर हा प्रश्न सुटला असता आणि पुस्तक संपले असते. सेंडाकने ते लिहिले नाही, कारण कल्पनेत घडलेली गोष्ट खरोखर घडते आणि तिच्यामुळे खोलीचा आकार बदलतो, हेच त्याला सांगायचे होते.

आता मघाच्या प्रचलित उत्तराकडे वळता येईल. रागाला वाट करून देण्याची कल्पना ॲरिस्टॉटलच्या विरेचन-सिद्धांताशी जोडली जाते. शोकांतिका पाहताना भय आणि करुणा जागृत होऊन त्यांचा निचरा होतो, असा त्या सिद्धांताचा ढोबळ आशय आहे. मॅक्सची कथा निचऱ्याची असती तर धिंगाणा थकव्याने संपायला हवा होता. तो तसा संपत नाही. धिंगाणा ऐन रंगात असताना मॅक्स तो थांबवतो, म्हणजे ज्या क्षणी वाहून जाणे सर्वांत सोपे होते त्या क्षणी तो आज्ञा देतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की याने १९३३ मधील एका व्याख्यानात बालखेळाविषयी जो विचार मांडला, तो या ठिकाणी अधिक उपयोगी पडतो. विगोत्स्कीच्या मते काल्पनिक खेळ म्हणजे मोकाट सुटणे नाही. कल्पित परिस्थिती उभी केली की तिच्याबरोबर नियम येतातच, कारण घोडा झालेल्या मुलाला घोड्यासारखेच वागावे लागते आणि शर्यतीत उतरलेल्या मुलाला धावण्याची तीव्र इच्छा असूनही इशाऱ्याची वाट पाहावी लागते. म्हणून एरवी ज्याला क्षणभर दम धरवत नाही ते मूल खेळात सर्वाधिक आत्मसंयम दाखवते, आणि तोही आनंदाने. मॅक्सने बेटावर पोचल्यावर पहिली गोष्ट केली ती पापणी न लवू देण्याची, आणि पापणी रोखून धरणे हा संयमाचा लहान मुलाला कळणारा सर्वांत शुद्ध प्रकार आहे. त्याने राज्य मिळवले ते ताकदीवर नाही, अर्थात त्या देहांपुढे त्याची ताकद ती काय असणार. त्याने ते मिळवले स्वतःचे डोळे आवरून.

राजा झाल्यावर तो जो पहिला दंड देतो तो त्याने कुठूनही शोधून काढलेला नाही. त्याला जे झाले तेच तो प्रजेला करतो. याकडे सूड म्हणून पाहता येईल, आणि सूडाचा अंश त्यात आहेही. पण त्या दंडाचा परिणाम प्रजेवर काय झाला हे चित्रात पाहावे. जीव झोपले आहेत, आणि राजा तंबूपाशी हनुवटी हातावर टेकून बसला आहे. शिक्षा देणारा एकटा पडतो, हे ज्ञान कोणताही बाप किंवा आई मुलाला सांगून देऊ शकत नाही. ते फक्त शिक्षा देणाऱ्याच्या जागी बसून मिळते, आणि लहान मुलाला त्या जागी बसण्याची सोय फक्त कल्पना करून देते. मॅक्सला आईचे म्हणणे पटले असे पुस्तक कुठेही सुचवत नाही. त्याला आईची जागा कळली, असे मात्र ते दाखवते, आणि म्हणूनच पुढच्या पानावर त्याला घरी जावेसे वाटते. क्षमायाचना गाळण्याचे धैर्य सेंडाकला या प्रसंगामुळे मिळाले असावे. शब्दांनी मागितलेली क्षमा मुले फार लवकर शिकतात आणि ती वेळ मारून नेण्यासाठी वापरतात. आईच्या जागी बसून आलेला एकटेपणा कोणालाही तसा वापरता येत नाही.

पुस्तकावरचा सर्वांत गाजलेला आक्षेप १९६९ साली ब्रूनो बेटेलहाइम या व्हिएन्नात जन्मलेल्या व शिकागोत काम करणाऱ्या बालमानसतज्ज्ञाने ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकातील आपल्या सदरात घेतला. अन्न देणारी पहिली व्यक्ती आई असते, तिनेच अन्न तोडून मुलाला दूर लोटणे म्हणजे मुलाच्या मनातल्या मूळ भयाला, टाकून दिले जाण्याच्या भयाला हात घालणे होय, आणि लेखकाला या भयाची पुरेशी जाण नाही, असा त्याचा मुद्दा होता. बेटेलहाइमने हे मत पुस्तक स्वतः न वाचता, मातांकडून ऐकलेल्या माहितीवरून दिले होते. एवढ्यावरून मुद्दा निकालात काढणे सोयीचे असले तरी न्याय्य ठरणार नाही. अन्न रोखणे ही शिक्षा खरोखरच वाईट आहे, आणि लेखकाने ती जणू रोजची बाब असल्यासारखी मांडली आहे, हे नाकारता येत नाही. मात्र ज्या भयाचे वर्णन बेटेलहाइम करतो ते भय पुस्तक जागे करून सोडून देत नाही. संपूर्ण प्रवास त्या भयाच्या पोटातूनच होतो. खाणे आणि खाल्ले जाणे हे या ३३८ शब्दांचे मध्यवर्ती सूत्र आहे : मॅक्स आईला खाण्याची भाषा करतो, आई त्याचे खाणे बंद करते, निरोप घेताना ते जीव त्याच्यावरच्या प्रेमापोटीच त्याला खाऊ पाहतात, आणि त्याला परत आणतो तो शिजलेल्या अन्नाचा वास. पुढे १९७६ मध्ये बेटेलहाइमने परीकथांवर लिहिलेल्या ‘द यूजेस ऑफ एन्चँटमेंट’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, चेटकिणी आणि राक्षस यांच्या कथा मुलाला स्वतःच्या क्रोधाशी व भीतीशी झुंजायला बळ देतात. हे प्रतिपादन मॅक्सच्या पुस्तकाला जितके लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या आधुनिक पुस्तकाला पडेल.

बेटेलहाइमच्या आक्षेपाला अधिक नेमके उत्तर डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषकाच्या, योगायोगाने १९६९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात मिळते. विनिकॉटच्या मते मूल आपल्या मनात प्रिय व्यक्तीचा पुन्हापुन्हा विध्वंस करते, आणि ती व्यक्ती या विध्वंसातून टिकून राहते, म्हणजे कोसळत नाही व उलटून सूड घेत नाही, तेव्हाच ती आपल्या मनाबाहेर खरोखर अस्तित्वात आहे याचा मुलाला प्रत्यय येतो. त्यानंतर प्रेम करण्यासारखे कोणीतरी जगात आहे अशी त्याची खात्री पटते. मॅक्सची धमकी हा असा विध्वंस आहे आणि खोलीतले जेवण हे टिकून राहणे आहे. मात्र या आईला विनिकॉटच्या आदर्शात कोंबून बसवता येणार नाही, कारण ती चिडली होती आणि चिडून तिने शिक्षा केली होती. तिने नंतर ती शिक्षा मोडली. केव्हा मोडली, मनात काय आले म्हणून मोडली, मोडताना मॅक्स झोपला होता की जागा होता, हे काहीच पुस्तक सांगत नाही, कारण मॅक्स तेव्हा बेटावर होता. राजाने आपल्या राज्यात काढलेल्या काळात घरी दुसऱ्या एका माणसाचाही राग असाच आवरला गेला. मुलाचे वर्तन सुधारले म्हणून जेवण आले असे म्हणायला जागाच उरत नाही, कारण जेवण आणून ठेवणारीला बेटावर काय घडले हे ठाऊक नव्हते. दोन राग एकमेकांच्या नकळत शमतात, आणि हा या पुस्तकाचा सर्वांत प्रौढ भाग आहे.

सेंडाकला हे सगळे सिद्धांतातून सुचले नव्हते. तो १९२८ साली ब्रुकलिनमध्ये, पोलंडहून आलेल्या ज्यू स्थलांतरितांच्या घरी जन्मला, लहानपणी सतत आजारी असे, आणि युरोपात मागे राहिलेल्या नातेवाइकांचा नाझींनी केलेला संहार त्या घरावर सावट धरून होता. या पुस्तकाचा पहिला आराखडा त्याने १९५५ मध्ये केला तेव्हा त्यात राक्षसांच्या जागी घोडे होते; पण घोडे त्याला मनासारखे काढता येईनात. अखेर कागदावर उतरले ते रविवारी जेवायला येणारे काका, मामा आणि मावश्या, जे वाकून त्याचे गाल ओढत, वाईट दात दाखवत आणि तू इतका गोड आहेस की तुला खाऊनच टाकावे असे म्हणत, हे त्याने पुढे अनेकदा सांगितले. मुलाला जे भयंकर वाटते ते बहुतेकदा दूरच्या जंगलातले नसते. ते जेवणाच्या टेबलाशी बसलेले, प्रेमळ आणि अवाढव्य असते. त्या जीवांच्या अंगावरचे आडव्या-तिरप्या रेषांचे दाट जाळे, त्यांची गोल पोटे, मुखपृष्ठावर पेंगणाऱ्या बैलमुखी जीवाचे माणसासारखे पाय यांत ओळखीचा हा अंश राहिला आहे. ते भीतिदायक आहेत आणि तरीही त्यांच्यात कोणीतरी घरचे आहे, म्हणून मॅक्सचे त्यांच्यावरचे राज्य हे घरातल्या मोठ्यांवरचे राज्य ठरते.

या राज्याविषयी एक गंभीर आक्षेप उरतो. गोरा मुलगा नावेतून अनोळखी बेटावर जातो, तिथल्या रहिवाशांना नजरेने वश करतो, त्यांचा राजा होतो आणि कंटाळा आल्यावर निघून येतो, या आकृतिबंधात वसाहतवादाची सावली आहे असे काही समीक्षकांनी म्हटले आहे, आणि समुद्रप्रवासाच्या इंग्रजी साहसकथांची परंपरा लक्षात घेता ही सावली कोणी कल्पनेने आणलेली नाही. पण त्या परंपरेत नायक बेटावरून काहीतरी घेऊन येतो, निदान मालकी तरी ठेवून येतो. मॅक्स राज्यच सोडतो, काहीही आणत नाही, आणि ज्यांना तो सोडून येतो ती त्याचीच रेखाटने आहेत. साचा जुना आहे. त्यातले वळण त्या साच्याविरुद्ध जाणारे आहे. हे वळण मराठी वाचकाला आणखी एका कारणाने महत्त्वाचे वाटावे : मराठीत बालसाहित्याचे मूल्यमापन अजूनही बव्हंशी ‘संस्कार’ या कसोटीवर होते, आणि त्या कसोटीला उतरण्यासाठी मूल अखेरीस शहाणे झाले आहे हे लेखकाला उच्चरवाने सांगावे लागते. मॅक्सचे पुस्तक ती कसोटी टाळत नाही, ते तिचा रोख बदलते. मुलाच्या मनावर बाहेरून काय उमटवले गेले याऐवजी मुलाच्या हातून आतल्या आत कोणती कृती घडली, असे ते विचारते, आणि ती कृती म्हणजे ऐन रंगात आलेला धिंगाणा स्वतः थांबवणे. हार्परच्या बालविभागाची प्रमुख असलेली आणि सेंडाकला घडवणारी संपादक अर्सुला नॉर्डस्ट्रम वात्रट मुलांसाठी चांगली पुस्तके काढणे हे आपले काम मानत असे. वात्रट मुलाला वाचक म्हणून मान देणारी अशी संपादकीय भूमिका नसती तर हे हस्तलिखित कदाचित सौम्य होऊनच छापले गेले असते.

कल्पनेने मूल स्वतःला सावरते, या दाव्याची मर्यादा सेंडाकनेच पुढे दाखवून दिली. १९७० मधील ‘इन द नाइट किचन’मध्ये मिकी हा मुलगा रात्री कपड्यांतून निसटून बेकरांच्या स्वयंपाकघरात पडतो, त्याची नग्नता खटकल्याने अमेरिकेतल्या काही ग्रंथपालांनी पानांवर त्याला रंगाने लंगोट चढवले. रागावलेल्या मुलाला स्वीकारलेल्या प्रौढांना देहाचा निर्भेळ आनंद घेणारे मूल अधिक अवघड गेले, ही बाब विचार करण्यासारखी आहे. पण मॅक्सशी खरा संवाद साधते ते १९८१ मधील ‘आउटसाइड ओव्हर देअर’, ज्याला सेंडाक या त्रयीचा तिसरा भाग मानत असे. त्यात वडील समुद्रावर गेले आहेत आणि आई बागेतल्या मांडवाखाली आपल्याच विचारात बुडून बसली आहे. धाकट्या बहिणीला सांभाळणाऱ्या आयडाचे लक्ष क्षणभर ढळते आणि पिशाच्चे तान्हीला पळवून तिच्या जागी बर्फाचे बाळ ठेवतात. आयडा आईचा पिवळा झगा पांघरून खिडकीतून बाहेर पडते, वाद्य वाजवून पिशाच्चांना नाचवत विरघळवते आणि बहिणीला परत आणते. वैमानिक लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाच्या १९३२ मधील अपहरणाने लहान सेंडाकच्या मनात घर केले होते, त्याचा ठसा या पुस्तकावर आहे. आयडाची कल्पना मॅक्सइतकीच समर्थ आहे आणि तिचा संयम त्याच्याहून मोठा आहे, पण ती परतते तेव्हा आई होती तिथेच बसलेली असते, आणि वडिलांच्या पत्रात आयडाने बहिणीवर व आईवर लक्ष ठेवावे असे लिहिलेले असते. मॅक्स खोडी करू शकतो, कारण त्याच्या घरात रागावण्याइतके त्याच्याकडे लक्ष असलेले कोणीतरी आहे. आयडाला खोडी करण्याची चैन परवडत नाही, कारण मोठ्यांची जागा तिला खेळात नव्हे, प्रत्यक्षात घ्यावी लागली आहे. मॅक्सच्या पुस्तकाची कीर्ती आयडाच्या पुस्तकाला मिळाली नाही, परंतु कल्पनेने मूल स्वतःला सावरते हे विधान कोणत्या घरापुरते खरे आहे, याची तपासणी आयडाच्या पुस्तकाशिवाय पूर्ण होत नाही.